साहेबाच्या वहीत आमच्या शाळेची जागा

मी नकला करतो. हेडसर, एसटीचे कंडक्टर, कारखान्याचे चेअरमन, सगळे जमतात. दुसरं काही धड जमत नाही म्हणून साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात कागद स्कॅन करायला लागलो.

गेल्या साली तिथं एका इंग्रज मास्तराची पेटी आली. त्याच्या पणतीनं विलायतेतनं पाठवलेली. इंग्रजांच्या राज्यात हा साहेब साताऱ्यात शाळा चालवायचा, आणि सुट्टी लागली की घोड्यावर बसून खेडोपाडी हिंडायचा, म्हाताऱ्यांना विचारून गावांचा इतिहास लिहायचा. पंथानं क्वेकर. ग्रंथपाल बाईंनी मला समजावलं, "ख्रिश्चनच, पण यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही. रविवारी जमतात आणि तासभर गप्प बसतात. आतनं काही बोलावंसं वाटलं तरच बोलायचं. आणि शपथ घ्यायची नाही. खरं ते खरंच, त्याला शपथ कशाला?"

"तासभर गप्प? मॅडम, मला पहिल्याच रविवारी हाकलतील."

"पहिल्या पाच मिनिटांत," बाई म्हणाल्या.

पेटीत काय नव्हतं! पोरांचे परीक्षेचे पेपर, बहिणीला लिहून न टाकलेली पत्रं, आंब्याच्या कलमाचं एक चित्र, आणि गावागणिक एक वही. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाचीही होती. आमच्या गावची शाळा याच साहेबाच्या खटपटीनं निघालेली. मी घरी फोन करून सांगितलं आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, झोपच येईना.

त्याला कारण होतं. आबा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. दर पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करायचे आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, "पोरांनो, ह्या शाळेची जागा माज्या आज्यानं दिली!" साहेबानं पुढं या वह्यांवरनं पुस्तक छापलं होतं, पण त्यात जागा देणारा म्हणून नुसतं आमच्या घराण्याचं आडनाव होतं. आता शाळेची शंभरी आलेली, फाटकाजवळ ग्रॅनाइटची पाटी बसणार, आणि जागा देणाऱ्याचं नाव त्यावर कोरायचं. कराडचा कारागीर सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला होता. हेडसर म्हणाले, कायतरी लेखी असलं तर बरं.

आबा फोनवर म्हणाले, "साहेबानं लिवलं असंल. नीट बघ रं. माज्या डोळ्यादेखत त्ये नाव लागू दे."

मी बघितलं. वहीत दोन नोंदी होत्या.

पहिलीत आबांचा आजा साहेबाला सांगतो की जागा मीच दिली, आईशप्पत. साहेबानं खाली लिहिलंय, 'यानं आईची शपथ घेतली. मी म्हणालो, शपथ नको, नुसतं सांगा. तो उठून गेला.' आता आमच्याकडं चहात साखर घातली हे सांगायलासुद्धा आईशप्पत लागते. साहेबाचे किती हाल झाले असतील! त्या वहीत जिथंतिथं तेच: शपथ घेतली, नको म्हणालो.

दुसरी नोंद चार दिवसांनंतरची. साहेब आबांच्या आज्याच्या शेतावर गेला आणि बांधावर त्याच्या शेजारी बसला. काही विचारलं नाही. दिवस कलला तरी दोघं तसेच. मग आबांचा आजा आपणहून बोलला. जागा त्याची नव्हतीच. भावजयीच्या वाट्याची होती. भाऊ मेल्यावर ती जमीन त्याला पाहिजे होती, म्हणून ती शाळेला द्यायला त्यानं पंचांपुढं विरोध केला. बाई हटली नाही. माझी पोरं अडाणी ऱ्हाणार न्हाईत, म्हणाली, आणि जागा शाळेला दिली. 'मी जिता आहे तोवर छापू नका, एवढं त्यानं मागितलं,' साहेबानं लिहिलंय. 'मी कबूल केलं.'

मी स्कॅनर बंद करून बाहेर जाऊन बसलो. त्या भावजयीचं घराणं म्हणजे आमच्या घराला भिंत लागून असलेलं घर. त्यांचं-आमचं बांधावरनं वाकडं, मी शाळेत असल्यापासून बोलणं बंद.

शनिवारी गावी गेलो. आबा धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसलेले, जणू साहेब स्वतः येणार होता. म्हणाले, "वाच."

मी मोबाइलवर पानाचा फोटो उघडला आणि साहेबाचा आवाज लावला. "टुमच्या आज्यानं जागा डिली. फार मोठा मानूस. मी टोपी काढून सलाम केला..."

क्वेकर कुणाला टोपी काढत नाहीत, हे मला बोलता बोलता आठवलं. पण आबांना कुठं ठाऊक? ते हसत होते. मग हसायचे थांबले.

"आता साहेबाला गप कर," ते म्हणाले. "तुज्या तोंडानं सांग."

"त्येच सांगतोय की आबा."

"तू खोटं बोलायचं असलं की आवाज काढतूस. दूध सांडलंस तवा मांजर झालातास. दहावीचा निकाल लागला तवा हेडसर झालातास. तुला काय मी आज वळखतूय व्हय?"

माझ्याकडं माझा म्हणून आवाज किती थोडा आहे, ते मला तेव्हा कळलं. फाटक्या आवाजात, अडखळत, दोन्ही नोंदी मराठी करून सांगितल्या. पंच सांगितले, विरोधही सांगितला. सगळं झाल्यावर आबा म्हणाले, "नाव काय लिवलंय तिचं?"

मी परत पान बघितलं. पुढची-मागची पानं बघितली. "न्हाई लिहिलेलं. नुसतं भावजय म्हणलंय."

"एवडा शिकल्याला साहेब, आन बाईचं नाव इचारलं न्हाई?"

"तुमाला बी ठावं न्हाई की, आबा."

मला वाटलं आता बसतीय कानाखाली. आबा उठले, पायात वहाणा घातल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागं. त्या घरातले नाना, आबांच्याच वयाचे, शेंगा फोडत बसलेले. त्यांनी वर बघितलं आणि शेंग हातातच राहिली.

"नाना, शाळेची जागा तुज्या आजीनं दिली," आबा म्हणाले. "आमच्या आज्यानं न्हाई. त्यो आडवा गेलाता."

नाना म्हणाले, "ठावं हाय."

"ठावं हाय? मग इतकी वरसं बोलला का न्हाईस रं? दर साली फुडंच बसतूस की खुर्ची टाकून!"

"बोलणार हुतो. पर तू लय झ्याक सांगायचास, गड्या. पोरं टाळ्या वाजवायची. आन आपलं बोलणं बी बंद हुतं. तुला खोटं पाडायचं म्हंजे आदी तुज्याशी बोलाय लागलं असतं."

आबा उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "नाव काय म्हातारीचं?"

नानांनी सांगितलं. आबांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग माझ्याकडं हात केला.

"कराडला फोन लाव. आन नाव नानाला सांगू दे, त्येच्या तोंडानं."