विकायचा दाणा आणि खायचा दाणा

आईचे वजन वाढल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मार्च नुकताच लागला होता. पित्ताशयात खडे होते आणि ते काढणे भागच होते. पण अंगात रक्त कमी, वजन त्याहून कमी. "आधी जेवू घाला," एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

सांगलीच्या घरात आम्ही दोघीच होतो. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी माझी निवड झाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचे होते. तसे झाले नाही तर जागा दुसऱ्याला मिळणार, हे पत्रात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे मे संपायच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी, त्यासाठी आईने जेवायला हवे. प्रश्न इतका सुटसुटीत होता की तो सुटणारच, असे मी गृहीत धरले.

तूप, तेल, साय डॉक्टरांनी बंद केली होती. उरली भाकरी, वरण, भाजी. आणि आई भाकरीलाच शिवत नव्हती. दुष्काळाच्या वर्षी रेशनवरचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खाल्ल्यापासून तिचे पोट बिघडले होते; त्यानंतर बाजारात हायब्रिड ज्वारी आली आणि तिच्या मते अन्नातला जीवच गेला. "खतावरचं अन्न अंगी लागत नाही," हे तिचे ठाम मत होते. पूर्वी साताऱ्याला राहत असताना तिने ज्वारी कधी विकत घेतली नव्हती. कुळकायदा येईपर्यंत कुळांकडून खंडाचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरी येत असे, आणि तो ज्या रानात पिके ते रान तिने पाहिलेले असे.

मी तिला समजावले, की मुळांना नत्र हवे असते. ते शेणातून आले की पोत्यातून, हे रोपाला कळत नाही.

"रोपाला कळत नसेल," आई म्हणाली, "मला कळतं." आणि ताट सरकवले.

वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा तिला हवी तशी ज्वारी आणणे सोपे, असा विचार करून मी पेठेत गेले. पहिल्या दुकानात विचारले, "खत न घातलेल्या रानातली ज्वारी आहे का?"

"आहे की. सगळी तीच आहे," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या दुकानातही सगळी तीच होती. तिसऱ्यातला माणूस तर जरासा दुखावला. "ताई, आम्ही खतावरचं ठेवतच नाही."

ज्या प्रश्नाला कायम 'हो' हेच उत्तर येते, त्या उत्तरातून काही माहिती मिळत नाही. म्हणून चौथ्या दुकानात मी प्रश्न उलटा केला. म्हटले, "मला खतावरचीच ज्वारी हवी. टपोरी."

"मग ही घ्या ना. युरिया भरपूर दिलेला आहे," त्याने त्याच रंगाच्या, त्याच दाण्याच्या ढिगावर हात ठेवला. तेवढ्यात मागून त्याच्या भावाने विचारले, "त्या बाई मघाशी समोर बिनखताची मागत होत्या, त्या ह्याच का?"

"असतील," दुकानदार म्हणाला. "माणसाचं मत बदलतं."

मला हसू आले. पण त्या चाचणीतून मी एक निष्कर्ष काढला: विकणाऱ्याला विचारायचे नाही. जे काही ठरवायचे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवायचे.

पाहायला कुठे जावे, हे आईच्या दवाखान्यातल्या मुक्कामाने ठरवले. तपासण्यांसाठी ती तिथे असताना शेजारच्या खाटेवर पलूसकडच्या एका बाईंची सासू होती. बाईंचा नवरा सैन्यात, रान त्या स्वतःच बघत. आईचे खतपुराण त्यांनी मन लावून ऐकले होते आणि निघताना म्हणाल्या होत्या, "आवं काकू, बऱ्या झाला की या जेवायला. आमच्या माळाची भाकरी खाऊन बघा."

एका रविवारी मी एसटीने त्यांच्या गावी गेले. घरामागे ऊस होता, हिरवागार, माझ्या डोक्यावरून जाणारा. त्याच्या पलीकडे जमीन चढत गेली होती आणि तिथे पाणी पोहोचत नव्हते. शाळू काढून झालेल्या त्या माळावर धनगरांनी मेंढरे बसवली होती. रात्रभर कळप एका पट्टीत बसायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या पट्टीत; लेंड्या आणि मूत थेट जमिनीत, वाहतूक नाही, साठवण नाही. बदल्यात धनगरांना धान्य. मी ती पद्धत बारकाईने पाहिली आणि मला ती मनापासून आवडली. पुरावा डोळ्यांसमोर होता. विचारण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

मी पिशवी आणि पैसे पुढे केले. "वहिनी, आईसाठी पायलीभर शाळू हवा होता. जो भाव असेल तो घ्या."

त्यांनी पिशवीकडे पाहिले. "भाव व्हय," म्हणाल्या आणि आत गेल्या. मापून दिल्यावर वर दोन ओंजळी जास्त घातल्या. "आजारी माणसाला हाय. चांगला निवडून दिलाय." दाणा मोत्यासारखा होता.

"जेवून जावा की बाई."

"नको, परतीची गाडी चुकेल," मी म्हटले आणि निघाले.

पहिला आठवडा उत्तम गेला. आईने भाकरीचा पहिला घास घेतला, मेंढरांचे वर्णन पुन्हा सांगायला लावले, अर्धी भाकरी संपवली. मी पुण्याला कोणती पुस्तके न्यायची ते काढून ठेवू लागले. पुढच्या आठवड्यात ती अर्ध्याची चतकोर झाली. त्यानंतर पुन्हा ताट सरकले. मिरजेला वजन केले तर काटा जेमतेम हलला होता. डॉक्टर रागावले नाहीत, "बघू," म्हणाले. त्या 'बघू'मुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

शाळू संपत आला होता, म्हणून मी पुन्हा गावी गेले. यावेळी सकाळी स्वयंपाकाच्या वेळीच पोहोचले. वहिनी चुलीपुढे होत्या आणि परातीतले पीठ माझ्या पिठासारखे नव्हते. जरा करडे, जरा जाडसर. बाजूला सुपात धान्य निवडून ठेवले होते: बारीक दाणा, त्याला राख लागलेली, मधूनच कडुनिंबाचा वाळका पाला.

"हे कोणतं धान्य, वहिनी?"

"हे व्हय? घरचं खायचं. माळाचं."

"आणि मी नेलं ते?"

"ते हिरीखालच्या रानाचं. बाजाराला न्यायाचं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "युरिया दिल्याला. म्हनून तर दाना असा भरलाय."

मी सुपातले चार दाणे तळहातावर घेतले. त्यांच्याच लक्षात आले आणि त्या वळून बघू लागल्या.

"आवं, तुमी आला ती पिशवी आन् पैसं हातात घिऊन. आता घरची कणगी कुनी इकतंय का? खायाचा दाना इकला तर घरात राहतंय काय? इकायचा दाना मागितला, म्या त्यातला लय चांगला काढून दिला."

त्यांच्या बोलण्यात ओशाळलेपण नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. मी भाव विचारला होता. भाव असलेली वस्तू त्यांनी मला दिली होती.

"आणि त्याला कीड लागू नये म्हणून?" मी विचारले.

"पावडर मारतो की पोत्याला. ती पांढरी, वासाची. घरच्याला राख."

नत्र कुठूनही येवो, त्याने दाण्यात विष येत नाही, हे मी आजही म्हणेन. पण कीटकनाशक ही वेगळी गोष्ट. आम्ही ज्वारी पाखडली होती, धुतली नव्हती. ज्वारी दळण्यापूर्वी कोण धुते? आजारी बाईच्या पोटात ती पावडर थोडीफार जात होती. तिचा परिणाम झाला की नाही, हे मला सांगता आले नसते. पण हे आईला न सांगता ठेवणे शक्यच नव्हते.

सांगितले तर ती भाकरी कायमची सोडेल, ही भीती घेऊन मी घरी आले आणि दारातच सगळे बोलून टाकले.

आई कॉटवर उठून बसली. "तरीच," म्हणाली.

"तरीच कसं? पहिल्या आठवड्यात तर तू आवडीनं खाल्लीस."

"तू एवढं ऊन डोक्यावर घेऊन आणलीस म्हणून खाल्ली."

दोन्ही परस्परविरुद्ध निरीक्षणांना एकच सिद्धान्त लागू पडतो तेव्हा तो सिद्धान्त तपासता येत नाही. मी तसे म्हटलेही. आई ऐकत नव्हती. तिने मला विचारले, "त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. तू जाऊन काय म्हणालीस?"

"पायलीभर शाळू हवा."

"जेवायचं बोलावणं आलेल्या घरी पायली घेऊन जातात होय गं?" ती रागावली नव्हती, मला वाटते, तिला माझी दया आली होती. "आता मी जाते."

प्रवास तिला झेपेल का, याचा मी विचार करत होते तोवर तिने स्वयंपाकघरात जाऊन हरभऱ्याची डाळ भाजायला घेतली. रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून मेतकूट करायचे होते. अनेक महिन्यांनी ती चुलीपाशी उभी होती. दर थोड्या वेळाने स्टुलावर बसे, पुन्हा उठे. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू करपवशील."

एसटीत तिला खिडकीपाशी बसवले. गावात पोहोचेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि हा निर्णय चुकला, असे माझे मत होऊ लागले होते. वहिनींनी दारातच तिचा हात धरला.

"काकू, आला व्हय. तुमची लेक येती आन् दुकानात आल्यावानी उभी ऱ्हाती. बघनाऱ्याला वाटंल, हितं तिला कुनी बसाच म्हनत न्हाई."

"तिला सवड नसते," आई म्हणाली. "ती शास्त्रज्ञ होणार आहे."

"मग शास्त्रज्ञ जेवत न्हाईत?"

दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी निमूटपणे बसले.

तेल चालत नाही म्हटल्यावर वहिनींनी हुलग्याचे माडगे केले होते, ऊन ऊन, लसणाचे, तेलाचा थेंब नसलेले. सोबत ती करडी भाकरी. आई सावकाश जेवत होती आणि जेवताना बोलत होती. खतावर नाही, तर वहिनींच्या नवऱ्याची रजा, सासूचे गुडघे, ऊसतोड यांवर. वहिनी म्हणाल्या, "खताबिगर ऊस येतोय व्हय काकू? त्येच्यावर तर घर चालतंय. पर पोटाला माळाचं." आई म्हणाली, "बरोबर आहे." घरी मी हेच सांगितले असते तर तिने मान्य केले नसते.

एक भाकरी संपली. वहिनींनी न विचारता आणखी अर्धी वाढली, आणि तीही संपली.

निघताना कणगीतला शाळू आईच्या पिशवीत आला. पैशांचा विषय कोणी काढला नाही. मेतकुटाचा डबा मात्र वहिनींनी परत देताना हुलगे घालून दिला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पिशवी येत राहिली, कधी गावातल्या कोणाबरोबर, कधी वहिनी स्वतः घेऊन. इकडून कधी लोणचे जाई, कधी सासूबाईंच्या गुडघ्यासाठी औषध. हा व्यवहारच होता, फक्त त्यात भाव ठरलेला नव्हता.

आई जेवू लागली. कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. खत बदलले, पाणी बदलले, पावडर गेली, राख आली, तिचा विश्वास बदलला, घरी कोणी येऊ-जाऊ लागले. इतके घटक एकदम बदलल्यावर एकाकडे बोट दाखवणे हे शास्त्र नव्हे. नियंत्रण ठेवून प्रयोग करायचा तर आईला पुन्हा मोत्यासारखा दाणा द्यावा लागला असता, आणि तो प्रयोग करण्याची मला इच्छा नव्हती. मेमध्ये डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तारीख दिली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आईला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पुण्याचे, प्रयोगशाळेचे काहीही मनात येत नव्हते. दुपार टळल्यावर डॉक्टर बाहेर आले, खडे निघाले म्हणाले, सगळे व्यवस्थित झाले म्हणाले. मी उभी राहिले आणि पुन्हा बसले.

थोड्या वेळाने वहिनी आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. मी म्हटले, "वहिनी, तिला आज पाणीसुद्धा द्यायचं नाही. उद्यापासून पातळ."

"व्हय? मला काय ठावं." त्यांनी फडके मांडीवर घेतले, माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी कवा जेवला?"

मला आठवेना. त्यांनी गाठ सोडली आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी ती खाल्ली. करडी होती, किंचित गोडसर, कडेला जराशी करपलेली. वहिनी बघत बसल्या होत्या.

"आनिक?" त्यांनी विचारले.

मी हात पुढे केला.