हाय तसा रंग

महाडात फोटो स्टुडिओ चालवायचा तर एक वाक्य रोज ऐकायची तयारी हवी: "मॅडम, जरा उजळ करा." मुलाच्या फोटोसाठी हे कुणी म्हणत नाही. मुलगा कसाही असो, तो रुबाबदारच दिसतो. उजळायची ती मुलगी. वडिलांमागे स्टुडिओ माझ्या हातात आला, तेव्हापासून मी हे काम करत नाही म्हणून सांगत आले. त्यामुळे बरीच गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत गेली. जाऊ देत.

रंगाबद्दलची ही खोड मला चवदार तळ्याने लावली. दर मार्चात तिथे माणसांची रीघ लागते आणि माझं दुकान जवळच आहे. एका वर्षी मी काढलेले फोटो एका मंडळाच्या बाईंनी आपल्या वेबसाइटवर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी तरातरा दुकानात आल्या. "हा आमच्या झेंड्याचा निळा नाही. हा धुऊन विटलेला निळा आहे." माझ्या कॉम्प्युटरवर तर तो झेंडा खणखणीत निळा होता. त्यांच्या फोनवर पाहिला तेव्हा माझंच तोंड उतरलं.

मग शिकले. शेतावर एका पायलीने भात मोजायचं आणि बाजारात दुसऱ्याच पायलीने, तसा घोळ होता. कॅमेरा रंग मोठ्या मापाने मोजत होता आणि वेबसाइट ते लहान मापाचे समजून वाचत होती. म्हणून फोटो बाहेर काढताना तो वेबला कळणाऱ्या मापात, एसआरजीबीत, बदलून काढायचा, आणि कुठलं माप ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं. आपल्या कॉम्प्युटरची स्क्रीन खरं दाखवते का, तेही तपासत राहायचं. एवढं करायला लागले तेव्हा कुठे झेंडा सगळीकडे निळा दिसायला लागला.

माझा धाकटा भाऊ मुंबईत रात्रपाळीला सिक्युरिटीत आहे. त्याचं बिऱ्हाड मात्र पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर. भावजय आणि भाची म्हशी-शेळ्या आणि नाचणीचं बघतात. भाची बारावी झालेली, हसरी, आणि रंगाने खरपूस भाजलेल्या नाचणीच्या भाकरीसारखी. भावाने मुंबईच्या एका दुकानातून तिचा फोटो गोरापान करून घेतला होता. तो बघून दोनदा माणसं आली, पोहे खाल्ले, एकमेकांकडे बघितलं आणि कळवतो म्हणून गेली. कुणी कळवलं नाही.

गेल्या दिवाळीआधी भाची एकटीच दुकानात आली.

"आत्या, माझा फोटो तूच काढ. पण हाय तशीच दिसू दे. ज्याला नाय म्हणायचंय त्यानं तिकडं मुंबईतच म्हणावं. माझ्या दारात येऊन नको."

आणि म्हणाली, फोटो असा नसेल तर यापुढे मी कुणासमोर पोह्यांचं ताट घेऊन उभी राहणार नाय. माझ्या आयुष्यात इतकं सरळ गिऱ्हाईक भेटलं नव्हतं.

मी वाडीवर गेले. गोठ्याच्या भिंतीपाशी, लाल जास्वंदीच्या शेजारी सावलीत तिला उभी केली. आधी तिच्या हातात राखाडी कार्ड देऊन एक फोटो घेतला, म्हणजे पुढे रंग त्यावरून बसवता येतो. महाडला येऊन फाइल तयार केली, आमच्या समाजाच्या वधू-वर वेबसाइटवर भावाच्या खात्यात चढवली आणि मिळतील तेवढ्या फोनांवर उघडून पाहिली. मग परत वर जाऊन तिचा हात फोनशेजारी धरला. हात आणि फोटो एक होते. ती इतकी खूश झाली की मला त्या दिवशी न्याहारी न घालता सोडलंच नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकही फोन आला नाही. भाऊ कुरकुरायचा. मी म्हणायचे, थांब, खरं बघून येणारा उशिरा येतो. होळी झाली आणि आठवड्याच्या आत पनवेलकडून विचारणा आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कुणीतरी माझा खरा फोटो बघून येत होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि सकाळीच वाडीवर हजर झाले.

भाऊ रजा काढून आला होता. मुलगा, त्याची आई आणि मामा आले. भाचीने ताट आणलं. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, पर्समधून फोन काढला, तिच्या तोंडाशेजारी धरला, आणि म्हणाली, "फोटोत एक नि घरात एक, असं नाय करायचं ओ."

मी पुढे होऊन फोन बघितला. गोठा माझा, जास्वंद माझी, तिला उभी केलेली मीच. पण भिंत चुन्यासारखी झाली होती, जास्वंद गुलाबी पडली होती आणि मुलगी तांदळाच्या पिठात लोळवून काढली होती.

मी तोंड उघडणार एवढ्यात भाऊ घाईने म्हणाला, "फोटो आमच्या ताईनं काढलाय. तिचा स्टुडिओ हाय. स्टुडिओवाले करतात थोडंफार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं बोलले असते, तर आपल्याच घरात, पाहुण्यांसमोर, मुलीचा बाप खोटा पडला असता, आणि ती गोष्ट पाहुण्यांच्या गाडीतूनच घाट उतरून गेली असती. दोष मी माझ्या अंगावर घेतला. आजही आठवलं की अंगाची लाही होते. भाची ताट धरून माझ्याकडेच बघत होती, आणि मला वाटलं, हिचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

पाहुणे गेले. मी भावाला गोठ्यामागे गाठलं. तो बिचकला नाही, उलट फोन पुढे केला.

"बघ ना, किती नॅचरल हाय! तुझ्या फोटोत कावीळ झाल्यावानी दिसायची. मी फक्त पिवळं कमी केलं नि थोडी फ्रेश केली."

त्याच्या फोनवर ती खरोखरच तिच्यासारखी दिसत होती. पण फोटोबाहेरचा पांढरा भागही हळदीच्या दुधासारखा होता. रात्रपाळीत डोळे दुखू नयेत म्हणून स्क्रीन पिवळी करायची सोय असते. ती कुणीतरी त्याला लावून दिली होती आणि त्याने ती कधी बंदच केली नव्हती. महिनोन्‌महिने तो सगळं जग पिवळं बघत होता, आणि आपल्या मुलीचं पिवळं तेवढं पुसायला बसला होता. मी ती सोय बंद केली. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची लेक पिठासारखी पांढरी झाली.

"अरं द्येवा," तो म्हणाला. "मला काय म्हायती गो ताई?"

एवढ्या मेहनतीने सांभाळलेला रंग एका अंगठ्याने घालवला होता. तो वाईट माणूस नाही, म्हणून तर संताप जास्त आला. आणि मनात हेही आलं की स्क्रीन पिवळी नसती, तरी 'थोडी फ्रेश' म्हणत त्याने अंगठा पुढे सरकवलाच असता.

भाची मागल्या दारी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ बसले, माझ्या फोनमधला मूळ फोटो उघडला आणि तिच्या ओल्या हाताशेजारी धरला.

"मी नाही गं तसं केलं. हा बघ माझा. अजून जुळतोय."

तिने बघितलं. "म्हायती हाय मला. बाबांनी होळीला बदलला तवाच बघितला मी."

"मग बोलली का नाहीस? अट तुझीच होती ना?"

"तुझा फोटो खरा व्हता गो आत्या. दिवाळीपास्नं तिथं व्हता." तिने राखेत हात घातला. "तो बघून कोण आलंच नाय. म्हणून गप ऱ्हायले."

तिने पुढचं ताट ओढलं. माझ्या हातात फोन तसाच राहिला, आणि त्यातला रंग अगदी बरोबर होता.