अंजनाबाईंनी सोडलेलं पीच

शिवाजी पेठेत बसून पारस मगदूम पीच पिकवायचा. झाडावर नव्हे, पडद्यावर. ‘अमरबाग’ नावाच्या मोबाईल गेमचे आजवर तीन भाग निघाले आणि तिन्हीत पीच होतंच: पहिल्यात म्हाताऱ्या माळ्याच्या टोपलीत, दुसऱ्यात राजवाड्याच्या भिंतीवर, तिसऱ्यात राक्षसाच्या मुठीत. मरायला टेकलेल्या शिपायानं ते खाल्लं की गडी ठणठणीत. ती सगळी चित्रं पारसची. खरं पीच मात्र त्यानं कधी चाखलं नव्हतं, फोटो बघून रंग भरायचा. तालमीतली पोरं त्याला ‘फळवाला’ म्हणायची आणि त्याला ते झोंबायचं.

त्याची आई, अंजनाबाई, मागं बसून बघायच्या. “एक खाल्लं की मेल्यालं उठतंय व्हय? बरं हाय की तुमच्यात!”

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, मुनिमहाराज आले. प्रत्येकानं एक फळ जन्मभरासाठी सोडायचा नियम घ्यावा, म्हणाले. अंजनाबाईंचा जीव आंब्यावर, म्हणून त्या आंबाच सोडायला निघाल्या. पारस कानाशी लागला, “आई, पीच सोड की. आपल्यात कोण खातंय ते?” असली पळवाट बऱ्याच जणांनी काढली होती; कुणी किवी सोडलं, कुणी स्ट्रॉबेरी. अंजनाबाईंनी हात जोडून पीच सोडलं. पारसला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

यंदा अंजनाबाईंच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. दूध उतरेना, आंब्याचा रस झोंबायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पारसनं तर स्वतःच रंगवलेली काडी धरली. लक्ष्मीपुरीच्या बाजारात उत्तरेकडची पीच आली होती. त्यानं ती आणली, सोलली, कुस्करून वाटीत घातली. आशा खुळी होती, आणि ती खुळी आहे हे त्यालाही कळत होतं.

अंजनाबाईंनी वास घेतला. “कसलं हाय रं?”

“पीच हाय.”

त्यांनी वाटी बाजूला सारली. “न्हाय. माझा नियम हाय.”

“आई, ती गंमत होती. मीच सांगिटलतो की तुला!”

“तू गमतीनं सांगिटलास. मी गमतीनं घेतलो न्हाय.”

तो रडला, पाया पडला, महाराजांना विचारून येतो म्हणाला. अंजनाबाई नुसती मान हलवत राहिल्या. त्या हट्टी नव्हत्या, पण दिलेला शब्द मोडायचा कसा, हे त्यांना कधी आलंच नव्हतं. शेवटी पोराची दया येऊन म्हणाल्या, “तू खा. कसं लागतंय सांग मला. एवढी वर्सं त्याची चित्रं काढतोस, एकदा तरी खाल्लास काय?”

त्यानं चमचाभर तोंडात घातलं. आंबट आणि तुरट. थुंकून टाकावंसं वाटलं. समोर आई टक लावून बघत होती.

“गोड हाय, आई. लई गोड.”

त्यानं तो घास गिळला, तसा आईचाही गळा हलला, रिकामाच.