लोखंड इथे ठेवा

देवरे सरांवर मी लिहावं, एवढी माझी पात्रता नाही. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत, ती हे जास्त नीट लिहितील. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पेपर सोडवण्यापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करा. पण सरांच्या आणि माझ्यातच राहिलेली एक गोष्ट आहे... ती आता मला एकट्याला सांभाळवत नाही.

सर सुरतेत आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. मूळचे धुळ्याकडचे. माझे वडील खानदेशातून येऊन सुरतेजवळच्या सचिन गावात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात हे कळल्यावर वर्गाबाहेर ते माझ्याशी अहिराणीत बोलू लागले. घरची भाषा कॉलेजच्या आवारात ऐकून मला आधी लाज वाटली, मग हळूहळू धीर आला. तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ते मला कच्छच्या वाळवंटाच्या कडेला घेऊन गेले. आमचं सामान उंटावर वाहणाऱ्या हमीरभाईंच्या गावातल्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या आणि गाव एकच बोअर पाडणार होतं. ती कुठे पाडायची, हे सरांनी सांगायचं होतं. चहूकडे सपाट वाळू. सर म्हणाले, "वर सपाट दिसतं, खाली नसतं." जड खडक वर आला असेल तिथे गुरुत्वाकर्षण केसभर वाढतं, काळा कातळ असेल तिथे चुंबकत्व बदलतं. असा पुरलेला कातळ वाळूखालचं पाणी बंधाऱ्यासारखा अडवतो, आणि आम्ही तोच शोधत होतो. गुरुत्वमापक घेऊन सर दर दोन तासांनी पहिल्या दगडापाशी परत येत आणि तिथे पुन्हा मोजत. "यंत्रही थकतं रे. निघालो तिथे परत येऊन बघायचं, आपण किती सरकलो."

चुंबकत्व मोजायच्या आधी ते श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा पुढे करत. "लोखंड इथे ठेवा." पट्टा, किल्ल्या, मोबाइल, सगळं त्यात जायचं. हमीरभाई रोज म्हणायचे, "साहेब, मारुं ऊंट नाळ नथी पहेरतुं, एने जवा दो." माझा उंट नाल घालत नाही, त्याला तरी जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी सरांचा गुडघा सुजला होता, म्हणून चुंबकत्वाचं यंत्र मी पाठीला लावलं. ज्या सरळ रेघेत चालत मोजायचं होतं, त्या पूर्ण रेघेवर आकडे चढे आले. कातळ सापडला म्हणून मी हरखून गेलो. मुक्कामावर आल्यावर शर्टाचा दोरा लोंबताना दिसला, हात आपोआप खिशात गेला आणि कातर बाहेर आली. लुमावर धागा तोडायची लहानशी कातर. सुट्टीत वडिलांच्या जागी उभा राहायचो, तेव्हापासून ती खिशात. बोटांना आपण लोखंड म्हणत नाही, तसं मी तिलाही कधी म्हटलं नव्हतं.

मी ती परत खिशात टाकली. सकाळी निघायचं होतं, जीप आली होती. चहा पिता पिता सर नकाशावर बोअरची जागा दाखवू लागले, हमीरभाई मान डोलावत होते. मी कातर नकाशावर ठेवली. "सर, ही काल खिशात होती."

सरांनी ती उचलून उघडझाप केली. "मना बापना खिसामा बी हाईच राहे," म्हणाले. माझ्या बापाच्याही खिशात हीच असायची... मग जीपवाल्याला थांबायला सांगितलं आणि सुजलेल्या गुडघ्याने ती अख्खी रेघ स्वतः पुन्हा चालले. आकड्यांचा मोठा चढ नाहीसा झाला. पार टोकाला, एका बाभळीपाशी, लहानसा उरला. वहीत त्यांनी लिहिलं : 'आधीचं मोजमाप रद्द. निघताना तपासायला मी विसरलो.' माझं नाव कुठेच नव्हतं.

सर जाऊन सहा आठवडे झाले. मागच्या रविवारी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने, काकूंनी, तो डबा आणून दिला. "यात तुझं काहीतरी आहे म्हणायचे." आत कातर होती. त्या दिवसानंतर मी ती मागितली नव्हती, त्यांनीही दिली नव्हती. घरी परतताना रिक्षात डबा मांडीवर होता, आणि हमीरभाईंचा फोन आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरांचा नंबर लागत नाही, म्हणून मला केला. बाभळीपाशी काळा कातळ लागला होता, आणि त्याच्या अलीकडे, सरांनी खुंटी ठोकली होती तिथे, पाणी.

"बहु मीठुं नथी," ते म्हणाले, "पण ढोर पीए छे. साहेबने कहेजो." फार गोड नाही, पण गुरं पितात; साहेबांना सांगा.

मी म्हणालो, "कहीश."