अक्काचा पिक्चर

माझी अक्का जन्मापासून बहिरी. आमच्या सोनपेठात रविवारी शेजारच्या काकूकडं टीव्हीवर पिक्चर बघायला आमी जायचो. मी टीव्हीच्या बाजूला बसून तिला हिरो-व्हिलन समद्यांच्या नकला हातवाऱ्यानं करून दाखवायचो. ती हसावी म्हणून मधीच खोटंबी घुसडायचो.

एकदा पिक्चरमधी हिरोची माय मरायली व्हती. बघणाऱ्या बाया डोळे पुसायल्या, आन् मी डॉक्टर ढेकर देताना दाखवला. अक्का खदाखदा हसली.

काकू मला म्हणली, "पुढच्या रविवारी हिला आणू नको रे बाबा."

अक्कानं माझं मनगट धरून खुणेनं इचारलं, काय म्हणली?

गावभराची नक्कल करणाऱ्या मला एवढं करून दाखवता येईना. मी 'काई नाई' म्हणून नुसती मान हलवली.

रविवारी अक्का वेणी घालून माझ्याआधी दारात हुबी.