मंगळाची नदी बघायला माणदेशात

मिरज स्टेशनवर उतरलो तेव्हा माझी भाची केतकी फलाटावर हातोडा घेऊन उभी होती. पाहुण्याचे असे स्वागत मी आजवर कुठे पाहिले नव्हते. आजूबाजूचे हमालही दोन पावले लांबूनच बॅग मागत होते.

"मामा, आधी प्लास्टर घ्यायचंय," ती म्हणाली.

मिरजेत दवाखाने इतके की औषधाची दुकाने शोधावी लागत नाहीत, तीच तुम्हाला शोधतात. पहिल्याच दुकानात केतकीने हाड मोडल्यावर गुंडाळतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या मागितल्या, वीस नग. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "वीस? कुणाचं काय मोडलंय एवढं?"

"नदीचं," मी गंभीरपणे म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग केतकीकडे, आणि मुकाट्याने पट्ट्या बांधून दिल्या. मिरजेतल्या दुकानदारांनी याहून विचित्र पेशंट पाहिलेले असणार.

आता खुलासा करतो. केतकी दगडांचा अभ्यास करते. तिचा विषय आहे मंगळावर एके काळी वाहिलेल्या नद्या. आज तो ग्रह कोरडा ठणठणीत आहे, पण तिथे पाठवलेल्या गाड्यांनी काढलेल्या फोटोंत नदीची पात्रे दिसतात, नदी तळ्याला मिळते तिथे साचलेला गाळ दिसतो, पाण्याशिवाय होत नाही अशी चिकणमाती सापडते, आणि दिसतात वाटोळे गोटे. वाऱ्याने एवढा दगड घरंगळत नाही. तो वाटोळा करायला पाणीच लागते. पाण्याची आणखी एक सवय आहे. ते चपटे गोटे एकमेकांवर रेलवून ठेवते, कपाटातली पुस्तके कलंडतात तसे. कुठल्या बाजूला रेलले त्यावरून पाणी कुठून कुठे गेले ते कळते, आणि किती रेलले त्यावरून त्याच्या जोराचा अंदाज येतो. मंगळावर जाऊन हे मोजता येत नाही. म्हणून केतकी ते माण नदीच्या कोरड्या पात्रात मोजणार होती. खाली काळा कातळ, वर तांबूस माती, झाड औषधापुरते. मंगळाला एवढी जवळची जागा दुसरी नाही, शिवाय तिथे जीप जाते.

"आणि माझं काम काय?" मी विचारले.

"तुम्ही फोटोत उभं राहायचं. दगड केवढा ते कळायला शेजारी काहीतरी लागतं."

म्हणजे मी फूटपट्टी.

भाड्याची जीप उसातून कुंडलला पोचली. तिथल्या टपरीवर चहा घेताना शेजारच्या बाकावर एक निवृत्त सुभेदार बसले होते. मिशी अजून नोकरीत होती. आम्ही कुठे चाललो ते विचारल्यावर मी सांगितले, मंगळावर. केतकीने त्यांना मोबाईलवर तिथला फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून नीट पाहिला.

"ही तर आमची लडाखची पोस्टिंग हाय," ते म्हणाले. "ऑक्सिजन कमी, पानी बर्फात, झाड एक न्हाई. मानूस राहू शकतो का तिथं?"

"अवघड आहे," केतकी म्हणाली. "ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फ आहे. पण हवा इतकी पातळ की बर्फ वितळवलं तरी पाणी टिकत नाही, वाफ होऊन जातं. आधी हवा दाट करायला हवी, आणि ते आजच्या माणसाच्या आवाक्यात नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," सुभेदार चहा संपवत म्हणाले. "आमाला लडाखात निदान सुट्टी तरी मिळत हुती."

विटा मागे पडले आणि ऊस संपला. हिरवा रंग कुणीतरी पुसत न्यावा तसा तासाभरात नाहीसा झाला. टेकड्या बोडक्या, त्यांवर पवनचक्क्या, आणि बाभळीखाली मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून सावली शोधत उभी. म्हसवडला सिद्धनाथाचे दर्शन घेतले. तिथल्या हॉटेलात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि हुलग्याचे माडगे (कुळिथाच्या पिठाची पातळ, लसूण घातलेली आमटी) मिळाले. मी तीन वाट्या प्यालो. तिथेच मालकाने बातमी दिली की उद्या दुपारी नदीला पाणी सुटणार. वरच्या उपसा सिंचन योजनेचे पाणी बंधारे भरायला सोडतात, ते पात्रातून वाहत येते. सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर तोच निरोप फिरत होता. मालक इतका खुश होता की त्याने माडग्याचे पैसे लावले नाहीत.

केतकीचा घास हातातच राहिला. तिने नदीसाठी चार दिवस धरले होते. ते आता अर्ध्या दिवसावर आले. पाणी आले की गोटे बुडणार, हलणार, पुन्हा बसणार. या मोजणीवर तिचे दोन वर्षांचे काम अडले होते आणि महिनाअखेर ते द्यायचे होते.

आम्ही धावत पात्र गाठले. उन्हे उतरेपर्यंत तिने नीट रेललेले तीस गोटे निवडून प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटने आकडा आणि बाण काढला. किती अंशांत रेललेत ते सकाळच्या तिरप्या उन्हात मोजायचे ठरले. काठावर मायाप्पाआबा आणि ताईआक्का या धनगर जोडप्याची वस्ती होती. चाळीस-पन्नास मेंढरे, एक विहीर, तीन एकर कोरडवाहू. आबांनी आम्हाला पाणी पाजले. ताईआक्का नुसती कमरेवर हात ठेवून आमची रंगरंगोटी बघत होती. तिच्या नजरेत मला फार मोठे कुतूहल दिसले. ते कुतूहल नव्हते, हे सकाळी कळले.

सकाळी पात्रात तीस गोट्यांपैकी एकही नव्हता.

केतकी मटकन वाळूत बसली.  मग माझी काठाकडे नजर गेली. आबांच्या शेताच्या बांधावर तीस पिवळे आकडे ओळीने उन्हात चमकत होते, एक ते तीस, आणि सगळे बाण त्यांच्या विहिरीकडे!

"आक्का, हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"मी," ताईआक्का शांतपणे म्हणाली. "पाटीत घालून डोक्यावरनं न्हेलं. कंबर मोडली माजी. आन् तुमी वरडताय."

"पण का?"

"का म्हंजी? गेल्या साली साहेब लोकांनी दगडावर असंच आकडं काढलं, त्या अंगानं पाइप गेली. पलीकडच्याच्या रानात आता डाळिंब हाय. आमच्याकडं कुनी बोटभर बी रंग लावला न्हाई. म्हटलं, साहेब न्हाई लावत तर आपुन लावू."

आबा मागे उभे राहून टोपी काढत होते, घालत होते. "मला न्हाई इचारलं हिनं," ते म्हणाले.

"इचारलं असतं तर तुमालाच उचलाय लावलं असतं," आक्का म्हणाली.

केतकीने तिला सगळे सांगितले. ही पाइपलाइनची मोजणी नाही. आकाशात मंगळ आहे, तिथे फार पूर्वी नदी होती, ती कशी वाहिली हे या गोट्यांवरून कळणार होते.  आक्का ऐकत होती.

"त्या नदीचं पानी कुठं गेलं?"

"काही उडून गेलं, काही जमिनीत मुरलं आणि गोठलं. त्या ग्रहाभोवती हवेचं जे आवरण होतं ते सूर्याच्या वाऱ्याने हळूहळू झिजलं."

"म्हंजी घोंगडं इरलं," आबा मध्येच म्हणाले. "घोंगडं इरलं की पानी न्हाई, मेंढरू न्हाई, कायच न्हाई. मग आधी घोंगडं इना की. पान्याचं मागनं बघू."

केतकी ओल्या डोळ्यांनी हसली. मी मनात म्हटले, सुभेदारांपेक्षा हे पुढचे निघाले.

आबांना फार अपराधी वाटत असावे. त्यांनी पाटी उचलली, बांधावरचे गोटे भरले आणि पात्रात उतरले. रोज संध्याकाळी धनगर कोकरे आयांकडे प्यायला सोडतात. चाळीस कोकरांतले कुठले कुठल्या मेंढीचे हे त्यांना न बघता कळते, चुकीचे लावले तर मेंढी लाथ मारते. आबांनी गोटे तसेच लावायला घेतले. वाळूत प्रत्येक गोट्याची खळगी उरली होती. ते गोटा हातात फिरवायचे, त्याच्या खालची ओली माती बघायचे, चार खळग्या ओलांडायचे आणि पाचवीत तो अलगद बसवायचे. "ह्यो हितला. ह्यो तिकडला. ह्याची आय पलीकडं." तीसच्या तीस बसले. एक करकरला नाही.

मी टाळ्या वाजवल्या. केतकीने वाजवल्या नाहीत.

"आबा, अगदी बरोबर बसवलेत तुम्ही," ती हळूच म्हणाली. "पण हे आता मला मोजता येणार नाहीत. पाण्याने ठेवलेले मोजायचे असतात. हे तुम्ही ठेवलेत."

आबांनी हात झटकले. घड्याळात साडेदहा झाले होते. मोबाईलवर निरोप आला होता की पाणी वरच्या बंधाऱ्यावरून उतरले.

तेव्हा ताईआक्का म्हणाली, "मानसाचा हात न लागलेलं पायजेल व्हय? मग झऱ्यात बघा की."

झरा म्हणजे पात्रात खणलेला खड्डा. नदी आटली तरी वाळूखाली ओल असते, तिथे पुरुषभर खणले की तळाशी पाणी झिरपते. विहीर तळाला गेली की आक्का रोज सकाळी तिथे उतरायची, वाटीने पाणी भरायची आणि घागर भरेपर्यंत तासभर वाट बघायची.

"तासभर बसून काय करनार? समोरची भित बघती. तिच्यात गोटं बसल्यात, एकाला एक टेकून, बसत बसत गेल्यात. लय गुमान बसल्यात. मी आपली रोज मोजती."

आम्ही शंभर पावलांवरच्या त्या खड्ड्याकडे धावलो. केतकी आत उतरली.  वाकून पाहिले तर ती भिंतीला नाक लावून उभी होती. वर बोटभर चिकणमाती, तिच्याखाली वाळू, आणि वाळूखाली हातभर जाडीचा गोट्यांचा थर. जुन्या कुठल्या तरी पुराने ठेवलेला, वरून झाकलेला, ना मेंढराचा पाय लागलेला ना माणसाचा हात. सगळे गोटे एकाच बाजूला रेललेले, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून.

"मामा," ती आतून म्हणाली, "वरच्यांपेक्षा हे दहापट चांगले आहेत."

मग जी घाई झाली ती सांगून समजायची नाही. केतकी कोन मोजायची, मी आकडे लिहायचो, आबा भिंत धरायचे, आक्का वरून सूचना द्यायची. फूटपट्टी म्हणून मला खड्ड्यात उतरवले. चप्पल तळाच्या चिखलात रुतली ती कायमची. फोटोत माझा एक पाय अनवाणी आहे, तो विज्ञानाने समजून घ्यावा. मिरजेच्या पट्ट्या भिजवून केतकीने थराचा एक तुकडा गुंडाळला, प्लास्टर वाळेपर्यंत आबांनी त्याला कोकरासारखे कुशीत धरले आणि मग आम्ही चौघांनी तो वर काढला. साठ कोन मोजून झाले. एकसष्टावा चालू असताना वरून आरोळी आली, "पानी आलं वो!"

मला वाटले होते पाणी गर्जत येईल. ते रांगत आले. पुढे वाळक्या पानांची, लेंड्यांची, फेसाची एक तपकिरी जीभ, वाळू चाटत, इकडे जाऊ की तिकडे असे करत. दोन्ही काठांवर माणसे जमली. कुणी नारळ फोडला, कुणी व्हिडिओ काढत होते. आक्काने लुगडे वर खोचले आणि थेट त्या जिभेत जाऊन उभी राहिली. झरा भरायला फार वेळ लागला नाही. ती बघत राहिली. "आता सहा महिनं बसायला नगं," एवढेच म्हणाली. केतकी आणि मी तिच्याशेजारी घोटाभर पाण्यात उभे होतो. आबांनी बसवलेल्या गोट्यांतला एक पाण्याने हलवला, उलटा केला आणि शेजारच्याच्या अंगावर रेलवून ठेवला. केतकीने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

परतीच्या प्रवासात ती कुंडलपर्यंत झोपली, प्लास्टरचा गठ्ठा मांडीवर घेऊन. चार दिवसांनी मी नाशिकला घरी होतो तेव्हा तिचा फोन आला. आकडे जुळले होते, काम वेळेत गेले. मी फोन ठेवला आणि किती दिवसांनी पंखा लावून आडवा झालो.

पडल्या पडल्या मंगळाचा विचार करत होतो. तिथे वस्ती करायची म्हणून थोर थोर लोक यादी करत असतील. हवा हवी, ऊब हवी, बर्फ वितळवायची यंत्रे हवीत. हे सगळे कधी तरी होईल, मी काही बघायला नसेन. पण ते जमवणाऱ्यांनी पहिल्या खेपेला एक माणूस अवश्य न्यावा. मोजणीदारांनी रंगवलेले दगड रात्रीत गुपचूप पाटीत भरून आपल्या बांधावर नेऊन ठेवणारे कुणी तरी. ते जोवर तिथे पोचत नाही तोवर ती नुसती छावणी. पहिले दगड हलले की समजावे, गाव वसले.