आठव्या महिन्यातली सायकल

"सायकल चालवत होती ही. आठव्या महिन्यात." डॉक्टर माझ्याकडे न बघता शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्याला सांगत होते. "मास्तरीण आहे म्हणे. सवलतीत शिकतात, सवलतीत नोकरी मिळते. अक्कल कुठून आणणार?"

घोळक्यातला एकजण हसला.

मी खाटेवर पडले होते. आदल्या दिवशी मला मुलगी झाली होती. मेलेली. डोक्यावर दाट केस होते तिच्या, तेवढेच मला दिसले. नवऱ्यानं तिला टॉवेलात गुंडाळून नेलं. छातीत दूध उतरलं होतं, पदर भिजत होता, आणि हे गृहस्थ माझी अक्कल काढत होते. आणि मला ते पटलं. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय म्हणजे खरंच असणार. मी सायकल चालवली म्हणून माझी पोर गेली.

सायकल वडलांनी घेऊन दिली होती. ते गिरणीत कामाला. मी मॅट्रिक झाले तेव्हा वस्तीभर पेढे वाटले आणि ही लेडीज सायकल आणली. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. कॉलेज तिच्यावर झालं, बी.एड. तिच्यावर झालं. मग धरमपेठेतल्या एका शाळेत नोकरी लागली. आमची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे. रोज अर्धं शहर तुडवत जायचे आणि मजेत जायचे. शाळेत पाय ठेवला की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "आल्या सरकारच्या सूनबाई!" सगळे हसायचे. मीही हसायचे. तेव्हा हसायचे, याचा आज राग येतो.

सातवा सरता सरता पाय सुजले. चपलेत मावेनात. डोकं ठणकायचं, फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे काजवे यायचे. मी बाईंच्या खोलीत जाऊन रजा मागितली. त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इतक्यात कसली रजा? तुमच्या बायका तर शेतात बाळंत होतात आणि पदर खोचून पुन्हा कामाला लागतात."

मी 'बरं' म्हटलं. बाहेर आले. रिक्षा रोज परवडणारी नव्हती. सायकल होती.

आई आमच्याजवळच राहायची. तिनं डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. दवाखान्यातून आले तर तिनं तोच डबा पुढ्यात ठेवला. "खाय वं. लेकरू नाही राह्यलं म्हणून का झालं? तू तं बाळंतीणच हायेस."

मी खाल्लं. खातच राहिले. रडू आलं की खायचे. अंग सुटत गेलं. ब्लाउज उसवून उसवून आतलं कापड संपलं. नवऱ्यानं सायकल घरामागे नेऊन तिच्यावर पोतं टाकलं. मला कोणी बोल लावला नाही. सायकलचं नावच कोणी काढत नव्हतं, त्यातच सगळं आलं.

मी शाळेत परत गेले, बसनं. स्टाफरूममध्ये मोठ्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, "दुःख मानवलं हो तुम्हाला."

हे वाक्य मी घरी कोणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? मला वाटायचं, बरोबरच बोलल्या. पोर मारून जाडी झालेली बाई मी.

पुढच्या वर्षी शाळेतल्याच एका बाईंना दिवस गेले. धरमपेठेतली मुलगी, गोड स्वभावाची. तीही सायकलवरच यायची. स्टाफरूममध्ये तिची ओटी भरायचं ठरलं. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात ओटी नाही, हळदीकुंकू नाही. मला त्या ताटाची हौस नव्हती. पण ती मला आवडायची, म्हणून गजरा घेऊन गेले.

मोठ्या बाई पुढे झाल्या. "तुम्ही आठवीच्या वर्गावर जा. तिथे कोणी नाही."

आठवीच्या मुली मैदानावर होत्या. खिडकीतून सगळ्यांना दिसत होत्या. सगळ्यांनी खाली बघितलं. जिचं मूल मेलं ती ओटीपाशी नको, एवढाच त्याचा अर्थ. मी वळले. दारापर्यंत पोचले आणि मागून बाईंचा आवाज आला. इतका मऊ आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं.

"अगं, पाय बघू तुझे. सुजलेत की! उद्यापासून घरी बसायचं. रजेचं मी बघते. ही सूज साधी नसते, बाळाच्या जिवावर बेतते. आणि अशा पायांनी सायकलवर येत होतीस? धीट गं बाई तू!"

मी दारात थांबले.

त्यांना माहीत होतं. माझे पाय सुजले तेव्हाही माहीत होतं.

मी परत आत गेले. "बाई, माझेही पाय सुजले होते."

बाईंनी ओटीचं ताट पाटाजवळ सरकवलं.

"मी रजा मागितली होती. तुम्ही शेतातल्या बायकांचं सांगितलंत."

"ही काय वेळ आहे हे बोलायची?"

"नाही. वेळ तेव्हा होती."

पाटावर बसलेली मुलगी रडायला लागली. तिचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तिच्यावर माझा राग नव्हता. गजरा तिच्या हातात दिला आणि निघून आले.

संध्याकाळी घरामागचं पोतं काढलं. साखळी गंजली होती, टायर बसले होते. आई धावत आली. "काहून काढून राह्यली वं ते सायकल? एकडाव झालं तेवढं पुरे नाही झालं काय तुले?"

मी तिला सगळं सांगितलं. आई मटकन खाली बसली. म्हणाली, "मी तं वं, तुलेच..." आणि पदर तोंडात कोंबून रडली.

"मले माहीत हाये, माय," मी म्हटलं.

सायकल दुरुस्त केली. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दम लागला. पुलाच्या चढावर पडले, गुडघा फुटला, पोरं ओरडली, "हत्ती आला रे!" उठले. ढकलत वर नेली. पॅडल मारताना गुडघा पोटाला लागायचा. आठव्या महिन्यात असाच लागायचा, तेव्हा मी तिला म्हणायचे, सरक जरा, शाळेला उशीर होतोय. आता आत कोणी नव्हतं, नुसती चरबी होती. मी रस्ताभर रडत जायचे. लोक बघायचे. बघू दे.

अंग उतरायला महिनोन् महिने गेले. शाळेतल्या बायका म्हणाल्या, "छान बारीक झालात." छान काय? पोट सपाट झालं त्या दिवशी मला कापरं भरलं. तिची म्हणून एवढीच एक खूण अंगावर होती. आई ब्लाउजला पुन्हा आतून शिवण घालत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मला पुन्हा मूल झालं नाही. कसं गेलं पहिलं, असं लोक विचारतात. आधी मी 'नशीब' म्हणायचे. आता सांगते, रजा नाकारली म्हणून. कोणी नाकारली तेही सांगते. मोठ्या बाईंनी बोलावून बजावलं, "हे बंद करा. नोकरी जड जाईल." सगळे अवघड तास, सगळ्या सुट्यांतली कामं माझ्या माथी मारली. मी केली.

पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होताहेत. हॉलमध्ये समारंभ आहे. शाल, श्रीफळ आणि त्यांच्या मायाळूपणावर भाषणं. बोलणाऱ्यांत मीही नाव दिलंय. त्यांना वाटतंय, मी निवळले.

मी सायकलवर जाणार. सगळ्यांसमोर उभी राहून माझी मुलगी कशी गेली ते सांगणार. माइक काढून घेतला तर माइकशिवाय सांगणार.